मासा कोणत्या ओढ्याचा? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात किलीफिश या छोट्या रंगीत माशांची अंडी टपालाने कशी मागवायची, ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: माशाच्या नावापुढे जे गाव, नदी किंवा आकडे लिहिलेले असतात, त्यांचं करायचं काय? म्हणून या वेळचा सगळा रकाना त्यालाच दिला आहे. किलीफिश न पाळणाऱ्यांनीही वाचावा. आफ्रिकन सिक्लिडपासून आपल्या खवलीपर्यंत सगळ्यांना हे लागू आहे.

ओलसर पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या मातीत) घातलेल्या अंड्यांची दोन पाकिटं मिळाली. एकावर ‘नोथोब्रँकियस राकोवी, बैरा ९८’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘नोथोब्रँकियस फुर्झेरी, एमझेडएम ०४/०३’. हा ब्रीडरचा बॅच नंबर आहे का? – वाचक, ठाणे

नाही. तो माशाचा पत्ता आहे. बैरा हे मोझांबिकमधलं बंदर आणि ९८ म्हणजे १९९८ साल. दुसऱ्या पाकिटावर एमझेडएम म्हणजे मोझांबिक, ०४ म्हणजे २००४ साल आणि ०३ म्हणजे त्या दौऱ्यात जिथे जाळं टाकलं त्या ठिकाणाचा क्रमांक. तुमच्या हातातली अंडी ही त्या डबक्यातून आणलेल्या माशांची थेट वंशावळ आहे, मध्ये दुसरं कुठलंही रक्त मिसळलेलं नाही, असं ते लेबल सांगतं.

नोथोब्रँकियस राहतो तो पावसात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत. डबकं आटलं की मोठे मासे मरतात आणि चिखलात पुरलेली अंडी पुढच्या पावसाची वाट पाहतात. एका खोऱ्यातली डबकी दुसऱ्या खोऱ्यातल्या डबक्यांना हजारो वर्षं भेटलेली नसतात, त्यामुळे जात एकच असली तरी प्रत्येक ठिकाणची वस्ती आपापल्या वाटेने बदललेली असते. तुमचा फुर्झेरीच घ्या. याच जातीची ‘जीआरझेड’ नावाची जुनी लाइन (म्हणजे एका ठिकाणच्या माशांची न मिसळलेली वंशावळ) झिंबाब्वेतल्या गोनारेझूची, म्हणजे कोरड्या प्रदेशातली आहे. तिथे पाणी फार कमी दिवस टिकतं. त्या लाइनच्या नरांची शेपटी पिवळी असते आणि त्यांचं आयुष्य अगदी तुटपुंजं असतं. मोझांबिकच्या ०४/०३ लाइनचे नर लाल शेपटीचे असतात आणि त्याच खाण्या-पाण्यावर स्पष्टपणे जास्त जगतात. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा या माशावर काम करतात, आणि कोणत्या लाइनवर काम केलं हे त्यांना प्रत्येक वेळी नोंदवावं लागतं ते याचसाठी.

राकोवीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१० सालापर्यंत हौशी लोकांकडच्या या गटातल्या सगळ्या माशांना राकोवीच म्हणत. त्या वर्षी अभ्यासकांनी त्यातून पीनारी आणि क्रिसानोवी या दोन जाती वेगळ्या काढल्या. त्यांच्या गुणसूत्रांची संख्यासुद्धा एकसारखी नाही. ज्यांच्या टाकीवर ठिकाण लिहिलेलं होतं त्यांनी फक्त जातीचं नाव बदललं आणि ते कामाला लागले. ज्यांनी ठिकाण पुसलं होतं, किंवा ‘सगळे राकोवीच’ म्हणून दोन लाइन एकत्र केल्या होत्या, त्यांच्या हातात नाव लावता येईल असा मासाच उरला नाही. जातीची नावं बदलत राहतात, ठिकाण बदलत नाही.

लेबलावर आणखी काही खुणा दिसतील. ‘वाइल्ड कॉट’ म्हणजे मासा स्वतः निसर्गातून पकडलेला, एफ-१ म्हणजे त्याची पहिली पिढी, एफ-२ म्हणजे नातवंडं. ‘अ‍ॅक्वेरियम स्ट्रेन’ म्हणजे मूळ ठिकाण माहीत नसलेली, टाक्यांतच चालत आलेली लाइन. हे सगळं मूळ लेबलाच्या लिपीत अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. ‘बैरा ९८’मधला ९८ गाळू नका. त्याच शहराच्या आसपास दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणी पकडलेले मासे ही वेगळी लाइन धरतात, कारण शहर तेच असलं तरी डबकं तेच होतं याची खात्री नसते.

माझ्याकडे फंड्युलोपँचॅक्स गार्डनेरी ‘अकुरे’चा नर उरलाय आणि मित्राकडे ‘न्सुक्का’च्या दोन माद्या. जात एकच आहे, मग जोडी लावायला काय हरकत? – वाचक, नाशिक

लावू नका. नकाशा उघडून पाहा. अकुरे नैर्ऋत्य नायजेरियात आहे, न्सुक्का आग्नेयेला, आणि मधून नायजर नदी वाहते. या दोन वस्त्या आपणहून एकमेकींना भेटत नाहीत.

अडचण अशी की संकराची पहिली पिढी बहुतेक वेळा सुरेख निघते. अंगाने भरलेली, रंगाने उठावदार. म्हणून पाळणारा खूश होतो आणि अंडी वाटायला लागतो. नुकसान पुढे दिसतं. अंडी पांढरी पडतात, बुरशी धरतात, पिल्लं थोडीच निघतात आणि त्यातलेही काही नर कामाचे नसतात. डॅनिश अभ्यासक यॉर्गन शील यांनी किलींच्या वेगवेगळ्या वस्त्यांच्या अशा जोड्या लावून पाहिल्या होत्या. दिसायला ठणठणीत पण वांझ संकर त्यांना वारंवार मिळाले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन किलींची गुणसूत्रं आतून किती वेगळी असू शकतात, ते तिथून लोकांच्या लक्षात आलं.

दुसरी अडचण माद्यांची आहे. गार्डनेरीच्या नरांत ठिकाणानुसार फरक दिसतो: कडेच्या पट्ट्या पिवळ्या की पांढऱ्या, अंगाचा निळा किती हिरवट, लाल ठिपके ओळीत की विखुरलेले. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, त्यावर बारीक लालसर ठिपके. अकुरेची एक आणि न्सुक्काची एक मादी शेजारी ठेवली तर तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येणार नाही. त्यामुळे लाइन बिघडते ती माद्यांच्या वाटेने, आणि बिघडल्याचं कळतं ते दोन पिढ्यांनी.

तुमच्या नरासाठी ‘अकुरे’चीच अंडी मागवा. त्याचं वय सहा-आठ महिन्यांच्या आत असेल तर नवी पिल्लं तीन-चार महिन्यांत वयात येईपर्यंत तो टिकेल. मित्रानेही तेच करावं. तोवर माद्या जोपासायला हरकत नाही, फक्त त्यांच्या टाकीतली अंडी उचलायची नाहीत.

फ्लॅटमध्ये जागा कमी. चार फुटी रॅकवर तीन-चार लाइन एकमेकींत न मिसळता कशा सांभाळायच्या? किती मासे ठेवले म्हणजे लाइन खराब होत नाही? – वाचक, पुणे

आधी मिसळण्याच्या वाटा बंद करू. त्या बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत, कारण माणूस माशांकडे पाहत असतो आणि मिसळतात ती अंडी.

सगळ्यांत मोठी चोरवाट म्हणजे जावा मॉस ही टाकीतली पाणवनस्पती. एका टाकीतली मूठभर मॉस दुसरीत टाकली की तिच्यासोबत पाच-दहा अंडी सहज जातात. पारदर्शक, जेमतेम दीड मिलिमीटरची अंडी मॉसमध्ये दिसत नाहीत. मॉस हलवायचीच असेल तर आधी चार आठवडे मासे नसलेल्या टबात ठेवा. गार्डनेरीसारख्या माशांची अंडी दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. टबात पिल्लं निघालीच तर त्यांना लाइनमध्ये घेऊ नका. मासे ज्यात अंडी घालतात ते लोकरीचे मॉप (धाग्यांचे झुबके) त्या त्या टाकीचेच ठेवा. मॉप बनवताना अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या, सुती नको, ती कुजते. वीस-पंचवीस सेंटिमीटरचे तीस-चाळीस धागे बुचाला बांधा आणि बुचावर लाइनचं नाव लिहा. दुसऱ्या लाइनला वापरण्याआधी मॉप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नुसतं वाळवून भागत नाही. नोथोब्रँकियसची अंडी ओलसर पीटमध्ये महिनोन् महिने तग धरणारी, त्यांच्यापुढे दोन दिवसांचं वाळवण काहीच नाही.

जाळीचंही तसंच. प्रत्येक लाइनला वेगळी जाळी, दांड्यावर रंगीत टेप. सगळ्या टाक्या एकाच समपवर (खालच्या सामाईक फिल्टर-टाकीवर) चालवू नका. ओव्हरफ्लोमधून अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खाली उतरतात आणि पंपाने भलत्याच टाकीत चढतात. प्रत्येक टाकीला स्वतंत्र स्पंज फिल्टर आणि सगळ्यांना मिळून एक एअर पंप, हे स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही.

झाकण. किली हवेच्या नळीसाठी ठेवलेल्या बोटभर फटीतूनही उडी मारतात आणि रॅकवर शेजारी टाकी असेल तर सरळ तिच्यात पडतात. फटीत स्पंजचा तुकडा कोंबा. कधी एका टाकीत मादी जास्त दिसली आणि ती कुठून आली हे नक्की नसेल, तर तिला बाजूला काढा आणि त्या टाकीतली मागच्या दोन आठवड्यांची अंडी टाकून द्या. जीव तुटतो, पण संशय घेऊन लाइन पुढे नेता येत नाही. शक्य असेल तर शेजारशेजारच्या टाक्यांत एकाच जातीच्या दोन लाइन ठेवू नका. मध्ये अगदी वेगळा मासा ठेवा, म्हणजे घोटाळा झाला तर लगेच डोळ्यांत भरेल.

लेबल दोन ठिकाणी लावा: एक काचेवर, एक आत. बाहेरच्या लेबलाची शाई ओल्या हाताने पुसली जाते. पीटच्या पिशवीत खडबडीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहून टाका, ते महिनोन् महिने राहतं. पट्टीवर जात, ठिकाण, सांकेतिक क्रमांक, पिढी, अंडी घेतल्याची तारीख आणि पाण्यात घालायची अंदाजे तारीख असावी.

आता संख्या. एका पिढीत जवळच्या नात्यातलं प्रजनन किती टक्के वाढतं ते काढायला साधं सूत्र आहे. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले नर-माद्यांची बेरीज. ही झाली प्रभावी संख्या. तिच्या दुपटीने एकाला भागा. एकच जोडी असेल तर प्रभावी संख्या दोन, आणि एका पिढीत वाढ तब्बल २५ टक्के. एक नर आणि पाच माद्या, ही आपल्याकडची लाडकी मांडणी: मासे सहा, पण प्रभावी संख्या जेमतेम ३.३ आणि वाढ १५ टक्के. पाच नर आणि पाच माद्या असतील तर ५ टक्के, दहा जोड्या असतील तर २.५ टक्के. माद्या वाढवून फायदा होत नाही, नर वाढवावे लागतात.

पण पाच नर एकाच टाकीत सोडले तर दादा नर बाकीच्यांना मॉपजवळ फिरकू देत नाही आणि बहुतेक अंडी त्याचीच होतात. कागदावर पाच नर, प्रत्यक्षात दीड. म्हणून आठ-दहा लिटरच्या डब्यांत एक नर आणि एक-दोन माद्या आठवडाभर ठेवा, मग पुढचा नर. प्रत्येक नराची दहा-बारा अंडीच पुढच्या पिढीसाठी घ्या, कुणाची पन्नास निघाली तरी. अशी तीन ते पाच नरांची फेरी चार फुटी रॅकवर आरामात बसते. तेवढीही जागा नसेल तर एक लाइन कमी करा. चार लाइन दोन-दोन जोड्यांवर रेटण्यापेक्षा दोन लाइन नीट सांभाळणं केव्हाही चांगलं.

वार्षिक किली असतील तर सगळं पीट एकदम ओलं करू नका. निम्मं आज भिजवा, निम्मं महिन्याने. पहिल्या वेळी पिल्लं पोट न उचलता तळाशी सरपटत राहिली, म्हणजे हवेची पिशवी भरली नाही, किंवा अंड्यांत डोळे दिसण्याआधीच घाई झाली, तर दुसरी खेप हाताशी राहते. आणि त्याच सांकेतिक क्रमांकाची लाइन पाळणारा आणखी एक जण शोधून ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी अंडी अदलाबदल करा. वीज जाऊन एका घरची लाइन संपली तरी दुसऱ्या घरी ती असते.

ठिकाण कळलं तर पाण्याचं तापमान कळतं का? पुण्यात मे महिन्यात टाकी ३१ अंशांवर जाते. – वाचक, पुणे

बऱ्यापैकी कळतं, आणि ठिकाण जपण्याचा हा रोजच्या उपयोगाचा फायदा आहे. गावाचं नाव मिळालं की पहिल्यांदा समुद्रसपाटीपासूनची उंची पाहा. गार्डनेरीच मकुर्डीजवळ बेन्वे नदीच्या सखल खोऱ्यात, सुमारे शंभर मीटरवर सापडतो आणि जोस पठारावर सुमारे बाराशे मीटरवरही. जोसची लाइन मेच्या उन्हाळ्यात आधी कोमेजते. गॅबनमधल्या शाययू डोंगरातल्या अ‍ॅफियोसेमियन किलींना तर २० ते २३ अंश हवेत. आपल्या मैदानी उन्हाळ्यात एसीशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाण्यावर आडवा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, दमट मुंबईत तेवढेही नाहीत. उन्हाळ्यात अशा लाइनची अंडीच जपा, मासे कमी ठेवा.

क्रॉफर्ड मार्केटमधून ‘मिक्स आफ्रिकन’ सिक्लिड आणले. आता त्यांतले सुंदर नर निवडून त्यांची नावं शोधायची आहेत. फोटोवरून ठिकाण ओळखता येईल? – वाचक, मुंबई

फोटोवरून नाव मिळेल, ठिकाण नाही, आणि ‘मिक्स’च्या पिशवीतल्या माशाला तर नावही भरवशाने लावता येत नाही. दुकानातले बहुतेक आफ्रिकन सिक्लिड फार्मवर वाढलेले असतात आणि तिथे तळ्यांत अनेक रंगांचे मासे एकत्र असतात. ठिपकेदार ‘ओबी पीकॉक’ तर निसर्गात कुठेच नाही, तो माणसाने केलेला संकर आहे. टाकीची शोभा म्हणून हे मासे जरूर पाळा. पिल्लं मात्र जातीच्या नावाने विकू नका.

ठिकाणाला या मंडळींत एवढं महत्त्व का, ते टांगानिका सरोवरातल्या ट्रोफियसवरून कळतं. हा मासा खडकावरचं शेवाळ खरवडून जगतो आणि खडक सोडून उघड्या वाळूवर जात नाही. मध्ये वाळूचा पट्टा किंवा नदीचं मुख आलं की पलीकडची वस्ती वेगळी. म्हणून किनाऱ्याने पुढे जावं तसे रंग बदलतात आणि पाळणारे त्यांना जातीपेक्षा ठिकाणानेच ओळखतात: बेम्बा, इकोला, मोलिरो, दुबोईसीचा रुंद पिवळ्या पट्ट्याचा मास्वा. टाकीत दोन ठिकाणचे एकत्र ठेवले तर ते बिनदिक्कत जोड्या जमवतात. एकाच ठिकाणची, एकाच खेपेतली पंधरा-वीस पिल्लं घ्यावीत. नंतर चार-पाच मासे भर घालायला आणले की जुना कळप त्यांना ठोकून काढतो.

मलावी सरोवरातला आपल्याकडचा ‘यलो लॅब’ही असाच. लॅबिडोक्रोमिस सेरूलियस ही जात मोठ्या पट्ट्यात पसरलेली आहे आणि न्खाटा बे इथले मासे चक्क पांढरे असतात. सगळ्या जगाने पाळलेला पिवळा रंग लायन्स कोव्हच्या परिसरातल्या छोट्या पट्ट्यातला आहे. ‘पांढरा म्हणजे खराब निपज’ असं म्हणून कुणी न्खाटा बेचे मासे टाकून दिले तर ती माहितीची चूक आहे, माशाची नाही.

सरोवरातही मिसळ झालेली आहे. १९६०च्या दशकात निर्यातीच्या धंद्यात पकडलेले सायनोटिलापिया अफ्रा थंबी वेस्ट बेटापाशी सोडले गेले. ते तिथे फोफावले आणि तिथल्या झेब्रा सिक्लिडशी त्यांचा संकर झाला. त्यामुळे अफ्राच्या लेबलावर ‘थंबी वेस्ट’ दिसलं तर हे मासे तिथले मूळचे नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

दुकानातल्या ‘मिस केरळ’मध्ये काही माशांच्या पाठीच्या परावर काळा डाग दिसतो. आजार आहे का? – वाचक, कोल्हापूर

नाही. ती बहुधा दुसरी जात आहे. डेनिसोनी ही आपली नेहमीची मिस केरळ. पाठीच्या परावर काळा डाग आणि तोंड जरा खालच्या बाजूला असेल तर चालक्कुडीएन्सिस, जिचं १९९९ साली चालक्कुडी नदीवरून नाव ठेवलं गेलं. व्यापाऱ्याच्या टाकीत दोन्ही एकत्र येतात. डेनिसोनीच्या वेगवेगळ्या नद्यांतल्या वस्त्याही जनुकीयदृष्ट्या वेगळ्या आढळल्या आहेत. म्हणून घेताना निदान नदी विचारा. दुकानदाराला सांगता येणार नाही, पण गिऱ्हाइकं विचारू लागली की तो पुढे विचारेल.

आमच्या गावच्या ओढ्यात खवलीसारखे छोटे, काळ्या ठिपक्यांचे मासे आहेत. थोडे आणून पाळायचे आहेत. नोंद नेमकी कशी ठेवावी? – वाचक, सिंधुदुर्ग

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. दूरच्या आफ्रिकेतल्या डबक्याचा क्रमांक तोंडपाठ असणाऱ्या हौशी माणसाला आपल्या सह्याद्रीतल्या माशाचा ओढा माहीत नसतो. काळ्या ठिपक्यांच्या प्रत्येक माशाला ‘टिक्टो’ म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी सवय. पण २०१६ साली पुण्याजवळच्या पवना आणि नीरा नद्यांतून पेथिया संजयमोलुरी ही नवी जात नोंदली गेली आणि २०२० साली हिरण्यकेशीतून पेथिया लाँगिकौडा. तुमच्या ओढ्यातला मासा कोणता, हे आज नक्की ठरलं नाही तरी चालेल. ठिकाणाची नोंद पक्की असेल तर उद्या ठरेल.

आधी कुठे पकडायचे नाहीत ते. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात जाळं टाकायचं नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडातली शिस्टुरा हिरण्यकेशी, गावकऱ्यांचा ‘देवाचा मासा’, २०२० साली शास्त्राला माहीत झाला आणि २०२१ साली ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. तिथे हात लावायचा नाही. खाजगी जागेत मालकाला विचारा. पहिल्या पावसात चढणीच्या वेळी पकडू नका, तेव्हा मासे अंडी घालायला निघालेले असतात. दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर जा आणि सहा ते दहा तरुण मासे घ्या. मोठे, पोटुशे मासे तिथेच राहू द्या.

ठिकाणी उभं राहूनच वहीत लिहा. घरी आल्यावर आठवून लिहिलेली नोंद निम्मी चुकते. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत घ्या, म्हणजे सुमारे अकरा मीटरच्या आत जागा ठरते. ओढ्याचं स्थानिक नाव, गाव, तालुका आणि तो शेवटी कोणत्या नदीला मिळतो, हे लिहा. सह्याद्रीच्या माथ्यावर ही शेवटची गोष्ट निर्णायक असते. आंबोलीत हिरण्यकेशी पूर्वेला घटप्रभेकडून कृष्णेला जाते आणि हाकेच्या अंतरावरचे ओढे पश्चिमेला उतरून तेरेखोलला मिळतात. गाव एकच, पण पाणी दोन वेगळ्या समुद्रांकडे जाणारं. लेबलावर नुसतं ‘आंबोली’ लिहून भागत नाही.

मग पाणी. तापमान सावलीत, वीतभर खोलीवर आणि वेळ लिहून. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर वापरा. कोकणातल्या ओढ्यांचं पाणी बहुधा फार मऊ असतं, पीएचच्या कागदी पट्ट्या अशा पाण्यात भलतंच सांगतात. थेंबांची चाचणी किंवा मीटर घ्या आणि आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. तळ कसा आहे (वाळू, गोटे, पालापाचोळा), प्रवाह किती, कोणते दुसरे मासे दिसले. एका माशाचा बाजूने फोटो तिथल्या तिथे, छोट्या काचेच्या डब्यात मोजपट्टी लावून काढा. टाकीत आल्यावर आणि नव्या खाण्यावर रंग बदलतात.

एकाच दिवशी दोन ओढ्यांवर जाणार असाल तर दोन बादल्या, दोन जाळ्या आणि दोन्हींवर आधीच लिहिलेल्या चिठ्ठ्या. घोटाळा होतो तो परतीच्या वाटेवर, एक पिशवी गळायला लागली की ‘तूर्तास यातच घाल’ म्हणताना. सांकेतिक क्रमांक सोपा ठेवा: तालुक्याची दोन अक्षरं, वर्ष, त्या वर्षीच्या ठिकाणाचा क्रमांक. ‘सा २५-१’ म्हणजे सावंतवाडी, २०२५, पहिलं ठिकाण. त्याचा सगळा तपशील वहीत आणि वहीच्या पानाचा फोटो आणखी कुणाकडे तरी.

एवढं नेमकं ठिकाण सगळ्यांना सांगावं का? – वाचक, रत्नागिरी

वहीत नेमकं लिहा, चारचौघांत नदी आणि तालुका पुरे. म्यानमारच्या शान प्रांतात होपोंगजवळ २००६ साली एक इवलासा ठिपकेदार डॅनियो सापडला. आज त्याला डॅनियो मार्गारिटाटस म्हणतात. शास्त्रीय वर्णन २००७ साली छापून येण्याआधीच त्याचे फोटो जगभर गेले, पकडणाऱ्यांची झुंबड उडाली आणि तो संपतो की काय अशी भीती निर्माण झाली. सुदैवाने तो आणखीही काही ठिकाणी सापडला आणि टाकीत सहज अंडी घालतो हेही कळलं. प्रत्येक माशाचं दैव एवढं चांगलं नसतं, विशेषतः एकाच कुंडात राहणाऱ्याचं. ज्याला तुम्ही मासे देता त्याला पूर्ण नोंद द्या, अभ्यासक मागेल तर त्यालाही द्या. नकाशावरची खूण समाजमाध्यमावर टाकू नका. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आपोआप नोंदलं जातं, ते टाकण्याआधी काढून टाका.

ठिकाण हरवलेल्या माशांचं काय? फेकून तर देता येत नाहीत. – वाचक, छत्रपती संभाजीनगर

फेकायचे कशाला? ‘ठिकाण अज्ञात’ असं स्वच्छ लिहा आणि पाळा. ओडेसा बार्ब १९७०च्या दशकापासून युक्रेनमधल्या ओडेसा शहराच्या नावाने जगभर पाळला गेला आणि तो मूळचा कुठला हे कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. २००८ साली म्यानमारमधून त्याचं वर्णन झालं, आज त्याला पेथिया पडाम्या म्हणतात. तरी टाकीतल्या जुन्या ओडेसाला म्यानमारच्या एखाद्या नदीचं नाव आता चिकटवता येत नाही. रंग जुळतो म्हणून ठिकाण लिहिणं ही या छंदातली सगळ्यांत महागात पडणारी लबाडी आहे, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून खऱ्या लाइनमध्ये तो मासा मिसळतो. ठिकाण अज्ञात असलेले मासे ठिकाण माहीत असलेल्यांत कधीही घालू नका. उलट दिशेनेही नको.

ठिकाण माहीत आहे, मासे भरपूर झालेत. त्याच ओढ्यात परत सोडले तर निसर्गाची भरपाई होईल ना? – वाचक, सातारा

कृपा करून सोडू नका, ओढा तोच असला तरी. तुमच्या टाकीत दुकानातल्या माशांसोबत आलेले परजीवी आणि जिवाणू आहेत, ओढ्यातल्या माशांनी ते कधी पाहिलेले नाहीत. चार-पाच पिढ्यांत टाकीच्या आयुष्याला सरावलेले मासेही निवडले गेलेले असतात.

परत सोडण्याचं काम होतं, पण ते असं: मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला झूगोनेटिकस टकिला हा छोटा मासा टाक्यांत जिवंत राहिला होता. चेस्टर प्राणिसंग्रहालय आणि मिचोआकान विद्यापीठ यांनी माहीत असलेल्या लाइनपासून तो वाढवला, आधी बंदिस्त तळ्यांत नैसर्गिक परिस्थितीत ठेवला, रोग आणि परजीवी तपासले, नदीवरच्या लोकांना सोबत घेतलं आणि मग सोडला, नंतरही मोजत राहिले. हौशी माणसाचा वाटा त्यात होता तो ठिकाण न हरवता लाइन जिवंत ठेवण्याचा.

जास्तीच्या माशांसाठी अंडी कमी उचला. वाढलेली पिल्लं सांकेतिक क्रमांकासकट दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली पट्टी टाकून. घेणारा पट्टीकडे न बघता ‘यांना आमच्याकडच्यांत टाकतो’ म्हणाला, तर त्याला नरच द्या, माद्या देऊ नका.